एकच विषाणू, दोन माकडं : प्रतिकारशक्तीला ब्रेक का लागतो?

प्रतिकारशक्ती जितकी जास्त तितकी चांगली, असं आपल्या घराघरांत मानलं जातं. म्हणून तर काढे, चूर्णं आणि सिरपच्या बाटल्या एवढ्या खपतात. पण माकडांवर झालेलं संशोधन थोडं वेगळं सांगतं. शरीराने विषाणूशी लढायला हवंच, पण वेळेवर थांबायलाही हवं. विद्यार्थ्यांना आणि पालकांनाही समजेल अशा भाषेत ही माहिती आम्ही इथे देत आहोत.

विषाणू कोणता?

एसआयव्ही हा माकडांमधला विषाणू, म्हणजे एचआयव्हीचा नातेवाईकच. आफ्रिकेतल्या ४० पेक्षा जास्त जातींच्या माकडांमध्ये आणि वानरांमध्ये तो सापडतो. माणसातला एचआयव्ही-१ मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून आला आणि एचआयव्ही-२ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी या राखाडी माकडाकडून.

मँगाबीच्या रक्तात हा विषाणू भरपूर असतो, तरी ते सहसा आजारी पडत नाही. तोच विषाणू ऱ्हीसस माकडाच्या, म्हणजे आपल्याकडच्या लाल तोंडाच्या माकडाच्या शरीरात गेला की त्याला एड्ससारखा आजार होतो. एक गोष्ट इथेच सांगतो. आशियातल्या रानातल्या माकडांमध्ये एसआयव्ही नैसर्गिकपणे नसतो. ऱ्हीससला त्याची लागण झाली ती प्रयोगशाळांमध्ये.

जनुकं चालू, जनुकं बंद

शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण सगळी एकाच वेळी काम करत नाहीत. घरात दिव्यांची बटणं अनेक असतात, लागतात तेवढेच दिवे आपण लावतो, तसंच हे. कोणतं जनुक किती चालू आहे ते रक्ताच्या नमुन्यातून मोजता येतं.

विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतं. ही धोक्याची घंटा. ती ऐकून विषाणूला अडवणारी शेकडो जनुकं चालू होतात. मँगाबी आणि आफ्रिकन हिरवं माकड यांच्यावरचे अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत दिसलं की ही घंटा आफ्रिकन माकडांमध्येही जोरात वाजते, पण साधारण चार आठवड्यांत शांत होते. ऱ्हीसस माकडात मात्र ती वाजतच राहते.

टी पेशींचं काय होतं?

टी पेशी म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. सीडी४ टी पेशी बाकीच्या पेशींना कामाला लावतात, तर सीडी८ टी पेशी विषाणू शिरलेल्या पेशी मारतात. १९९९ च्या एका प्रयोगात ऱ्हीससच्या शरीरातल्या सीडी८ पेशी काही काळ काढून टाकल्या, तेव्हा विषाणू झपाट्याने वाढला. त्या परत आल्यावर तो कमी झाला. म्हणजे या पेशी कामाच्या आहेतच.

मग मँगाबीच्या सीडी८ पेशी जास्त ताकदवान असतील का? तसं आढळलं नाही. फरक दुसरीकडे आहे. एसआयव्ही सीडी४ पेशींमध्येच घर करतो आणि उत्तेजित झालेल्या पेशींत त्याचं जास्त फावतं. ऱ्हीससमध्ये घंटा थांबत नाही, पेशी सतत उत्तेजित राहतात आणि विषाणूला नवनवीन घरं मिळत जातात. आतड्याचं अस्तरही खराब होतं, तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि आग आणखी भडकते. मँगाबीचं अस्तर शाबूत राहतं. शिवाय त्याच्या सीडी४ पेशींवर विषाणूला आत शिरायला लागणारा सीसीआर५ हा दरवाजाही कमी असतो.

मग घंटाच बंद केली तर?

२०१४ मध्ये तेही करून पाहिलं. ऱ्हीससमध्ये सुरुवातीलाच इंटरफेरॉनचं काम अडवलं, तर आजार लवकर बळावला. उलट बाहेरून इंटरफेरॉन दिलं तर आधी फायदा झाला, पण देतच राहिल्यावर शरीर त्याला दाद देईना आणि नुकसान झालं. म्हणजे घंटा हवीच, पण वेळेवर वाजणारी आणि वेळेवर थांबणारी.

आपल्या कामाचं काय?

माणसाचं शरीर या बाबतीत मँगाबीसारखं नाही, ऱ्हीसससारखं आहे. इलाज न केलेल्या एचआयव्हीत पेशी सतत उत्तेजित राहतात आणि प्रतिकारशक्ती थकते. म्हणून “मला काही त्रास नाही” म्हणत थांबणं धोक्याचं आहे. निदान होताच औषध सुरू करावं, असं २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतातही २०१७ पासून हेच धोरण आहे. औषधाने विषाणू दबतो, ही उत्तेजनाही बरीच उतरते आणि माणूस नेहमीसारखं आयुष्य जगतो. चूर्ण किंवा काढा हा त्याला पर्याय नाही. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.

सरकारी एआरटी केंद्रांत हे औषध मोफत मिळतं. माहितीसाठी १०९७ हा मोफत फोन क्रमांक आहे. एचआयव्ही असलेल्या माणसाशी नोकरीत, शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने किंवा गळाभेट घेतल्याने हा विषाणू पसरत नाही. आपल्या नात्यात, मोहल्ल्यात असं कुणी असेल तर त्याला दूर लोटू नका, इलाजापर्यंत पोहोचवा. शरमेपोटी गेलेला वेळ शरीराला फार महाग पडतो.