भुईमुगाच्या तेलाची परीक्षा

* ग्रंथकर्त्याने येथे रंग व वास यांवर जी सारी भिस्त ठेवली आहे, ती आज पुरेशी मानता येत नाही. शुद्ध भुईमूग-तेलाचा आयोडीन-अंक ८५ ते ९९ असतो खरा; परंतु सरकीचे तेल बेताने मिसळल्यास तो मर्यादेतच राहतो, आणि म्हणून रसायनज्ञ बेलिये-परीक्षेकडे वळतो : अल्कोहोलयुक्त पोटॅशने तेलाचे साबणीकरण करून, ॲसेटिक आम्ल व ७० टक्के अल्कोहोल घालून ते मिश्रण सावकाश निववीत नेले असता, ॲरॅकिडिक व लिग्नोसेरिक ही दीर्घशृंखल आम्ले अल्पविद्राव्य असल्यामुळे, ३९ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान गढूळपणा प्रकट होतो; परके तेल असल्यास तो बहुधा याहून खालच्या तापमानास येतो. सरकीची खातरजमा हाल्फेन-परीक्षेने होते : गंधक विरघळविलेले कार्बन डायसल्फाइड व अमिल अल्कोहोल यांसह तापविले असता नमुना तांबडा होतो. मात्र अतितप्त वा हायड्रोजनीकृत सरकी-तेल हा रंग देत नाही. तेव्हा रंग उमटला नाही एवढ्यावरून व्यापाऱ्यास निर्दोष ठरविणे, किंवा एकाच अंकावरून त्याजवर गुन्हा शाबीत मानणे, हे दोन्ही मला सारखेच अन्यायाचे वाटते. तिळाच्या तेलासाठी फुर्फुरल व हायड्रोक्लोरिक आम्लाची बोदुआँ-परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते. — संपादक