पडद्यापुढचं गाणं

ब्रॉडवेच्या संगीतिकांमधली कितीतरी गाजलेली गाणी नायक-नायिकेच्या वाट्याला आलेली नाहीत. ती गातात बोटीवरचा कष्टकरी, दोन वसुलीगुंड, नाहीतर कुणाच्या खिजगणतीत नसलेला नवरा. यात नाटककाराचं औदार्य शोधायला नको. या गाण्याचं मूळ नेपथ्याच्या अडचणीत आहे. अमेरिकन व्होडव्हिलमध्ये एकामागून एक सुटे कार्यक्रम होत आणि सामानाची हलवाहलव होईतो प्रेक्षकांना ताटकळत ठेवणं धंद्याला परवडत नसे. म्हणून मधला पडदा पाडून त्याच्यापुढच्या अरुंद पट्टीत एखादा विनोदवीर किंवा गाणारी जोडी उभी करत. आपल्या जुन्या नाटक मंडळ्यांचे रस्त्याच्या पडद्यापुढचे प्रवेश याच कामाचे. ही सोय संगीतिकेने उचलली. मुख्य नट आत पोशाख बदलत असताना बाहेरची जागा आपसूक दुय्यम पात्रांकडे आली. कोल पोर्टरच्या ‘किस मी, केट’मध्ये (१९४८) जुगाराचं देणं वसूल करायला आलेले दोन गुंड असेच पडद्यापुढे येऊन शेक्सपिअरवर गाणं म्हणतात. तोवर त्यांचा म्होरक्या मारला गेलेला असतो आणि कथेत त्यांना काही कामच उरलेलं नसतं.

मग हे गाणं म्हणजे नुसती भरताड, असा आक्षेप येतो. उगमापुरता तो खरा आहे, पण गाण्याच्या टिकण्याचा खुलासा त्यातून होत नाही. कॅन्डर आणि एब यांच्या ‘शिकागो’मध्ये (१९७५) वाद्यवृंदच रंगमंचावर बसतो, देखावे बदलेपर्यंत वेळ काढण्याची तिथे गरजच नाही. तरीही नायिका रॉक्सीच्या मेकॅनिक नवऱ्याला, एमॉसला, स्वतंत्र गाणं आहे. प्रसिद्धीमागे धावणाऱ्या त्या जगात ज्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, त्याची बाजू दुसरं कोण मांडणार? ‘शो बोट’ (१९२७) चाळीसेक वर्षांची कथा सांगते. ती एकत्र बांधणारं सूत्र हवं म्हणून गीतकार हॅमरस्टाइनने नदीचं गाणं लिहिलं आणि ते जो या कृष्णवर्णीय कामगाराच्या तोंडी दिलं. नायक-नायिका आपापल्या संसारात गुरफटलेली; नदीकाठच्या राबणाऱ्यांचं आयुष्य त्यांच्या गळ्यातून खरं वाटलं नसतं. कथेत पाय न अडकलेल्या माणसालाच साऱ्या कथेवर बोलता येतं. मुख्य पात्रांना ही मोकळीक क्वचितच मिळते.

दुसरा आक्षेप असा, की चाल चांगली असली की गाणं गाजतंच, मग गाणारा कुणीही असो. ‘माय फेअर लेडी’ने (१९५६) याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. नायिका एलायझा राहते त्या घरासमोर घुटमळणाऱ्या फ्रेडीचं गाणं न्यू हेवनच्या पूर्वप्रयोगांत पडलं आणि ते काढून टाकण्याची भाषा सुरू झाली. आधीच्या अ‍ॅस्कॉटच्या शर्यतींच्या प्रवेशातला तरुण तो हाच, हे प्रेक्षकांच्या ध्यानातच येत नव्हतं, असं गीतकार अ‍ॅलन जे लर्नरने निदान केलं. त्याने सुरुवातीच्या ओळी बदलून त्यात त्या भेटीची आठवण घातली. मुख्य चाल होती तशीच राहिली, आणि त्याच गाण्याला टाळ्या पडू लागल्या. चाल एवढी समर्थ असूनही, गाणारा कोण हे कळेपर्यंत ती प्रेक्षकांपर्यंत पोचली नव्हती. तेव्हा दुय्यम पात्राचं गाणं कापायला निघालेल्या दिग्दर्शकाने आधी ते पात्र प्रेक्षकांना नीट भेटलं आहे का, एवढं तपासून पाहावं.