लाकूड कोणत्या खान्यात ठेवायचं? उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर आणि संशोधनातले विभाग

पीएचडीच्या पहिल्या वर्षात एक काम प्रत्येकाच्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल आधी कोणी फारसं बोलत नाही. मुलाखतींच्या नोंदी, झेरॉक्स, कात्रणं, मोबाईलमधले फोटो असं बरंच काही जमा झालेलं असतं आणि ते कुठल्या तरी विभागांत लावायचं असतं. आपल्याला वाटतं, हे काय, तासाभराचं काम. मलाही तसंच वाटलं होतं.

माझा विषय उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतल्या लाकूडकामाचा इतिहास. मी एक्सेलमध्ये चार पानं उघडली: सुतारकाम, फर्निचर, कारखाने आणि इतर. दोन महिन्यांनी बघतो तर ‘इतर’ सगळ्यात जाड! कारण साधं होतं. उल्हासनगरच्या एका मिस्त्रींशी बोललो. ते सकाळी दुकानामागच्या जागेत किचनच्या कपाटांची दारं बनवतात, दुपारनंतर बदलापूरच्या फ्लॅटमध्ये जाऊन ती बसवतात आणि सणाच्या आधी ऑर्डर मिळाली तर सागवानी देव्हारे करतात. आता सांगा, हा माणूस कोणत्या पानावर जाणार?

ही अडचण फक्त माझी नाही, लाकूडकामाबद्दल लिहिणाऱ्या सगळ्यांनाच ती आलेली आहे. त्या प्रत्येकाने ती कशी सोडवली हे बघितलं, की विभागांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट कळते. आज तीच सांगायची आहे.

आधी उल्हासनगरचे पत्ते बघा

उल्हासनगरमध्ये पत्ता विचारलात तर कॅम्प नंबर, सेक्शन नंबर आणि बऱ्याचदा बराकीचा नंबर सांगतात. ‘बीके नंबर’ म्हणतात तो हाच. दुसऱ्या महायुद्धात इथे कल्याणची लष्करी छावणी होती आणि बराकी सैनिकांसाठी बांधल्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना इथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. सैनिक गेले, बराकींची घरं झाली, घरांची दुकानं आणि वर्कशॉप झाली. नंबर मात्र राहिले.

आपल्याला मिळणारे विभागही असेच असतात. कोणीतरी कधीतरी स्वतःच्या सोयीसाठी ते पाडलेले असतात. तो माणूस जातो, ती सोयही संपते, पण खाना उरतो आणि पुढे आपण त्यात आपलं सामान भरत राहतो. म्हणून एखादा तयार विभाग वापरण्याआधी एवढं विचारायचं: हा मुळात कोणासाठी पाडला होता?

गावगाडा, गॅझेटियर आणि हिश्श्याचा प्रश्न

आपल्याकडचा सगळ्यात जुना खाना जातीचा आणि वतनाचा. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ १९१५ सालचं. बलुतेदारी समजून घ्यायला आजही आपण तेच उघडतो. बलुतेदारांच्या ‘कासा’ असत, म्हणजे ओळी: थोरली, मधली, धाकटी. सुतार थोरल्या कासेत. कास म्हणजे नुसतं वर्णन नव्हे. खळ्यावर धान्याचा वाटा किती मिळणार हे कासेवरून ठरायचं. म्हणजे वर्गीकरण थेट पोटाशी बांधलेलं होतं.

मग इंग्रजांचं गॅझेटियर आलं. ठाणे जिल्ह्याचे खंड १८८२ चे. त्यात सुतार भेटतो तो लोकसंख्येच्या प्रकरणात, जातींच्या यादीत. त्याच्या हातातलं सागाचं लाकूड वेगळ्या प्रकरणात, जंगल आणि उत्पादनाखाली. ते लाकूड विकणारा आणखी पुढे, व्यापारात. एकाच कामाचे तीन तुकडे झाले, कारण वाचणारा सुतार नव्हता. जिल्हा चालवणारा अधिकारी होता आणि त्याला जंगल, माणसं आणि व्यापार यांची माहिती वेगवेगळी हवी होती. तुम्ही नुसतं ‘सुतार’ शोधून गॅझेटियर मिटवलंत, तर त्याचं लाकूड तुमच्या हाती लागणारच नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. लंडनमध्ये सतराव्या शतकात कार्पेंटर आणि जॉइनर या दोन संघांचं भांडण होतं: कोणतं काम कोणाचं? १६३२ मध्ये शहराच्या कारभाऱ्यांनी निवाडा दिला. ढोबळमानाने सांगायचं तर खाच-कुसू घालून, डव्हटेल करून किंवा सरसाने जोडलेलं काम जॉइनरांचं आणि खिळे ठोकून केलेलं कार्पेंटरांचं. विचार करा, पेटीचे कोपरे खिळ्याने जोडले की सांध्याने, यावर ती पेटी बनवायचा हक्क कोणाला हे ठरत होतं. विभागाची रेघ इकडची तिकडे झाली की कोणाची तरी मिळकत हलते.

कायद्यातला एक शब्द

तुम्ही कायद्याची कागदपत्रं वापरणार असाल तर हे नक्की बघा. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात इमारती लाकडाची व्याख्या इतकी ऐसपैस आहे, की पडलेलं किंवा तोडलेलं झाड तर त्यात येतंच, शिवाय कापलेलं, घडवलेलं, कोरलेलं लाकूडही येतं. याच कायद्याच्या व्याख्येत बांबू हा ‘वृक्ष’ होता. वनस्पतिशास्त्र सांगतं की बांबू हे गवत, कायदा सांगत होता की ते झाड. आणि झाड म्हटलं की तोडायला, वाहून न्यायला परवानगी आली. २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन बांबू त्या व्याख्येतून निघाला. नव्वद वर्षं एक शब्द चुकीच्या खान्यात होता आणि ज्यांनी स्वतःच्या बांधावर बांबू लावला होता त्यांनाही त्याचा त्रास होत होता.

तीन शहरं, तीन खाने

आता आपल्या तीन शहरांकडे येऊ. सरकारी आकडेवारीत उद्योगांचं जे राष्ट्रीय वर्गीकरण वापरतात, त्याची २००८ ची आवृत्ती उघडा. विभाग १६ म्हणजे लाकूड आणि लाकडाच्या वस्तू, पण कंसात ‘फर्निचर सोडून’. फर्निचर विभाग ३१ मध्ये, मग ते लाकडाचं असो, लोखंडाचं असो की प्लास्टिकचं. घरात जाऊन दारं-कपाटं बसवणं हे बांधकामात, विभाग ४३ मध्ये. फर्निचरची दुरुस्ती विभाग ९५ मध्ये. माझे मिस्त्री सकाळी ३१ मध्ये असतात, दुपारी ४३ मध्ये आणि कोणाची जुनी खुर्ची दुरुस्त करून दिली की ९५ मध्ये. उल्हासनगर ते बदलापूर लोकलने जाताना माणूस विभाग बदलतो!

अंबरनाथची गंमत तर आणखी वेगळी. १९२२ मध्ये परदेशी काड्यापेट्यांवरचा आयात कर वाढला. त्यामुळे स्वीडनच्या काडेपेटी उद्योगाने माल बाहेरून पाठवण्याऐवजी इथेच कारखाने काढायचं ठरवलं. १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे आपली विमको, स्थापन झाली आणि अंबरनाथला तिचा मोठा कारखाना उभा राहिला. आजही तिथे विमको नाका आहे. काडेपेटीत काय असतं? काडी लाकडाची आणि पूर्वी पेटीही लाकडाच्या पातळ पापुद्र्याची. ओंडका सोलायचा, पापुद्रा काढायचा, त्याच्या काड्या पाडायच्या, म्हणजे यंत्रावरचं लाकूडकामच. पण वर्गीकरणात काडेपेटी आहे विभाग २० मध्ये, रसायनांत. गुल महत्त्वाचं ठरलं, काडी नाही. त्यामुळे ‘ठाणे जिल्ह्यातला लाकूड उद्योग’ या नावाखाली आकडे गोळा करणाऱ्याच्या हातून अंबरनाथचा एवढा मोठा कारखाना निसटू शकतो.

आणि बदलापूर? २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. नवे फ्लॅट म्हणजे नवी कपाटं, पलंग, किचन. हे काम कोणत्याही कारखान्याच्या यादीत दिसत नाही, कारण ते ग्राहकाच्या घरात होतं. हॉलमध्ये प्लायवूड कापायचं, सनमायका चिकटवायचा, भुसा झाडून निघायचं.

खान्याबाहेरची माणसं

इथे ‘वर्गीकरण चुकलं’ एवढं म्हणून थांबू नका. पुढचा प्रश्न विचारा: त्यामुळे कोण दिसेनासं झालं?

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पारंपरिक कारागिरांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात १८ व्यवसाय आहेत. सुतार एका नोंदीत, होडी बनवणारा दुसऱ्या, खेळणी बनवणारा तिसऱ्या, टोपल्या-चटया विणणारा चौथ्या. अट अशी, की तो हात आणि अवजारांनी काम करणारा, स्वयंरोजगार असलेला कारागीर हवा. आता उल्हासनगरच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर पॅनेल कापणारा मुलगा घ्या. तो राजस्थानातून आला असेल, उत्तर प्रदेशातून आला असेल नाहीतर मुरबाडकडचा असेल. लाकडाला त्याचा हात दिवसभर लागतो, पण तो मजूर आहे, ‘स्वयंरोजगार’ नाही. पॉलिशवाला तर लाकूड कापतही नाही, पण त्याच्याशिवाय एकही पलंग विकला जात नाही. हे दोघं कोणत्या खान्यात बसतील? योजना कोणासाठी असावी यावर वाद घालायची ही जागा नाही. पण इतिहास लिहिताना आपण तीच यादी जशीच्या तशी उचलली, तर हे दोघं आपल्या प्रबंधातूनही गायब होतील आणि ती चूक सरकारची नसेल, आपली असेल.

मग करायचं काय?

ग्रंथालयात गेलात तर लाकडाचे असेच तुकडे दिसतात. ड्यूईच्या दशांश पद्धतीत (पहिली आवृत्ती १८७६) लाकूड कापणं-प्रक्रिया ६७४, फर्निचर आणि घरगुती वर्कशॉप ६८४, इमारतीचं सुतारकाम ६९४ आणि कलावस्तू म्हणून फर्निचर ७४९. एका पुस्तकाला एकाच जागी ठेवायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार?

यावर एक वेगळा विचार आपल्याकडच्याच माणसाने दिला. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विषयाला एका खान्यात कोंबू नका, त्याला वेगवेगळ्या बाजूंनी प्रश्न विचारा. मुख्य गोष्ट कोणती, द्रव्य कोणतं, क्रिया कोणती, जागा कोणती आणि काळ कोणता. उत्तरं जोडली की विषयाची ओळख तयार होते.

मी माझी चार पानं पुसून हाच धडा वापरला. आता एकच तक्ता आहे आणि प्रत्येक नोंदीला पाच प्रश्न: माल कोणता (साग, प्लाय, जुनं लाकूड)? क्रिया कोणती (कापणं, जोडणं, बसवणं, पॉलिश, विकणं)? कामाचा संबंध काय (मालक, रोजंदारी, ठेका)? जागा कोणती? साल कोणतं? मिस्त्रींच्या तीन कामांच्या तीन ओळी झाल्या, माणूस मात्र एकच राहिला. आणि ‘संबंध’ या रकान्यावर तक्ता लावून बघितला, तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की माझ्या नोंदींत मालक भरपूर आहेत आणि रोजंदारीवरची माणसं नगण्य. म्हणजे मी दुकानाच्या पुढच्या दारानेच आत जात होतो. पुढच्या महिन्याचं फील्डवर्क त्यामुळे बदललं.

तुमचा विषय लाकूड नसेल, तरी चार गोष्टी सांभाळा.

एक, समोरचा माणूस स्वतःच्या कामाला जो शब्द वापरतो तो आधी तसाच लिहा. ‘मिस्त्री’, ‘कारपेंटर’, ‘सुतार’ हे तिन्ही ‘काष्ठकारागीर’ करून टाकू नका. कोण स्वतःला काय म्हणवतो हाच पुरावा असतो.

दोन, ‘इतर’ ठेवा, पण महिन्यातून एकदा वाचा. ‘इतर’ फुगत असेल तर गडबड नोंदींत नाही, विभागांत आहे.

तीन, विभाग बदललेत तर तारीख टाका आणि का बदलले ते दोन ओळींत लिहा. तीन वर्षांनी प्रबंध लिहिताना तुमचे गाईड हेच विचारणार आहेत.

चार, जुन्या कागदपत्रांतले विभाग फेकून देऊ नका. गॅझेटियरने सुतार आणि साग वेगळे का ठेवले, काडेपेटी रसायनांत का गेली, हेसुद्धा तुमच्या इतिहासाचं प्रकरण होऊ शकतं.

पुढच्या वेळी उल्हासनगरला उतरलात तर एखाद्या फर्निचरच्या दुकानाच्या पाटीवरचा पत्ता वाचा. बराकीचा नंबर दिसला तर तो टिपून घ्या. मग आत जा, आणि पॉलिश कोण करतं ते विचारा.