आधी द्रावक दाखव

एम.फार्म.च्या प्रबंधांसाठी आमच्याकडे ब्राह्मी, शंखपुष्पी, जटामांसी, तगर यांपैकी काही ना काही दरवर्षी येतंच. विषय ठरलेला: अमुक मुळाचा अर्क उंदरांना दिला तर झटके टळतात का? माझा पहिला प्रश्नही ठरलेला: "अर्क कशात विरघळवलास? आणि नुसतं तेवढंच दिलेले उंदीर कुठे आहेत?" मुलांना हा खवचटपणा वाटतो. म्हणून त्यांना जुनी हकिकत सांगावी लागते.

अपस्माराची चिकित्सा चरकसंहितेतही आहे, पण तिथे औषधाची पारख रोग्यावरच व्हायची. प्राण्याला मुद्दाम झटका आणून औषध पारखायची रीत रुजली ती १९३७च्या सुमारास, बॉस्टनमध्ये. ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट मांजरांना विजेचा झटका देत आणि एकेक रसायन तपासत. त्यातून फेनिटोइन हाती आलं. ते १९०८ सालीच तयार झालं होतं, पण झोप आणत नाही म्हणून मागे पडलं होतं. झोप न आणता फिट थांबवणं हाच त्याचा मोठा गुण ठरला.

आमच्या प्रयोगशाळेत आजही दोन कसोट्या चालतात. एक विजेची: उंदराला ५० मिलिअँपिअरचा प्रवाह ०.२ सेकंद द्यायचा आणि मागचे पाय ताठ होतात का ते बघायचं. दुसरी पेंटिलीनटेट्राझोल या रसायनाची. अर्क दोन्हींमध्ये आधी द्यायचा, झटका नंतर.

याच दुसऱ्या कसोटीत १९६२ साली फ्रान्समध्ये गंमत झाली. ओव्याच्या कुळातल्या, इजिप्तमध्ये औषधी म्हणून वापरल्या जाणाऱ्या 'खेल्ला' या वनस्पतीत खेलिन नावाचं द्रव्य असतं. पिएर एमार त्याच्यापासून नवी रसायनं बनवत होते. ती पाण्यात विरघळेनात, म्हणून त्यांनी व्हॅल्प्रोइक आम्ल घेतलं. हे आम्ल बर्टन यांनी १८८२ मध्ये बनवलेलं होतं आणि तोवर त्याचा उपयोग द्रावक म्हणूनच व्हायचा. ग्रेनोबलच्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, तर रसायन कोणतंही द्या, प्राण्यांचे झटके थांबतातच! खेलिनशी नातं नसलेलं एक रसायन त्याच द्रावकात दिलं, तेही लागू पडलं. शेवटी नुसतं द्रावक दिलं. गुण त्याचाच होता.

फ्रान्समध्ये १९६७ आणि अमेरिकेत १९७८ साली व्हॅल्प्रोएटला मान्यता मिळाली. आज आपल्याकडच्या कोणत्याही औषधाच्या दुकानात ते असतं. एमार यांच्या सहकाऱ्यांनी नुसतं द्रावक तपासलंच नसतं, तर श्रेय खेलिनला गेलं असतं आणि खरं औषध बाटलीतच राहिलं असतं.

आमची मुलं अर्क मद्यार्कात काढतात. तो नीट उडाला नाही तर उरलेला मद्यार्कही झटके रोखू शकतो. मग ब्राह्मीच्या नावावर मद्यार्काचा गुण खपतो, आणि प्राणी समितीची परवानगी काढून वापरलेले उंदीर फुकट जातात. म्हणून तक्त्याची पहिली ओळ नुसत्या द्रावकाच्या गटाची हवी. ती नसेल तर खालचे आकडे मी वाचत नाही, आणि परीक्षकांनीही वाचू नयेत.