‘सरकार काय करतंय?’पासून ‘आज किती घनमीटर?’पर्यंत

12 एप्रिल 2016. मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा डबे, साधारण पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्याचं चित्र म्हणून सगळ्यांच्या डोक्यात हीच गाडी राहिली. पण आठच दिवसांनी, 20 एप्रिलला, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाई तालुक्यात वेगळंच काहीतरी सुरू झालं. तिथे कुठली गाडी येणार नव्हती. माणसं कुदळ, फावडं आणि टोपलं घेऊन माळावर गेली.

पाणी फाउंडेशनच्या पहिल्या ‘सत्यमेव जयते वॉटर कप’चा तो पहिला दिवस होता. वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई हे तीन तालुके, 116 गावं, मुदत 5 जूनपर्यंत. जे गाव पाणलोटाचं सगळ्यात चांगलं काम करेल, त्याला 50 लाखांचं बक्षीस. मजुरी मात्र शून्य. घाम गाळायचा तो दान म्हणून.

बीडसारख्या जिल्ह्यात हे का चाललं, ते समजायचं तर आधी तिथल्या तक्रारीचा इतिहास पाहायला हवा.

ही तक्रार खोटी कधीच नव्हती. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत बीड निजामाच्या राज्यात होतं. पुढे महाराष्ट्रात आल्यावरही सिंचन, रस्ते, शिक्षण सगळ्यात मराठवाडा मागे राहिला. 1984 साली दांडेकर समितीने हा अनुशेष आकड्यांत मांडला. जायकवाडीचं पाणी गोदाकाठच्या पट्ट्याला मिळालं, पण बालाघाटाच्या डोंगरावरच्या गावांना पावसावरच भिस्त ठेवावी लागली.

आणि तक्रारीने कामंही झाली आहेत. 1972 च्या दुष्काळात लोक मोर्चे घेऊन कचेऱ्यांवर गेले आणि त्यांनी काम मागितलं. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडली, पाझर तलाव खोदले, सुकडी खाऊन दिवस काढले. त्यातूनच रोजगार हमी कायदा आला. तो 1977 मध्ये मंजूर झाला आणि 1979 पासून लागू झाला. म्हणजे ज्या तक्रारीत ‘आम्हाला हे द्या’ अशी नेमकी मागणी होती, तिने कायदा घडवला.

गडबड झाली ती त्यानंतर. बांध सरकारी, तलाव सरकारी, मग गाळ भरला तरी तो सरकारीच. तो काढायचा कुणी? पारावरची चर्चा ‘कुणीतरी करायला पाहिजे’ इथे येऊन थांबायची आणि चहा घेऊन सगळे घरी जायचे. ही सवय सगळीकडे सारखी नव्हती. अंबाजोगाईतच द्वारकादास लोहियांची ‘मानवलोक’ 1982 पासून गावांबरोबर काम करत होती. पण बहुतेक गावांत गाऱ्हाणं हा वेळ घालवायचा एक मार्ग झाला होता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ‘ॲप चालत नाहीये’ एवढंच लिहून कुणी तक्रार पाठवली, तर तिचं काही होत नाही. कुठल्या स्क्रीनवर, कुठलं बटण दाबल्यावर, काय झालं हे लिहिलं की तीच तक्रार दुरुस्तीची पहिली पायरी होते. वॉटर कपने गावांच्या बाबतीत नेमकं हेच केलं.

आधी गावातल्या काही माणसांचं प्रशिक्षण झालं, त्यात बायकाही होत्या. माथ्यापासून पायथ्याकडे काम का करायचं, उतार कसा मोजायचा, सलग समतल चर कुठे आणि दगडी बांध कुठे, हे सगळं शिकवलं. मग काम घनमीटरमध्ये मोजायचं आणि त्याचे गुण मिळवायचे. ‘सरकार काय करतंय?’ या प्रश्नाला संध्याकाळी उत्तर नसतं. ‘आज किती घनमीटर झालं?’ याला असतं. आणि पलीकडच्या गावाचं आपल्यापेक्षा जास्त झालंय असं कळलं, की दुसऱ्या दिवशी माणसं उजाडायच्या आत माळावर हजर.

वेळही नेमकी होती. दसरा-दिवाळीला ऊसतोडीला गेलेली बीडची हजारो कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. सहा महिने कोयता चालवून आलेल्या या माणसांनी पुन्हा फावडं उचललं, तेही फुकट. त्यांतल्या अनेकांकडे एक गुंठाही जमीन नाही. पाणी मुरणार ते दुसऱ्याच्या विहिरीत. श्रमदान या शब्दातलं दान सगळ्यात जास्त कुणी केलं असेल, तर ते या भूमिहीनांनी.

पहिल्या वर्षी कोरेगावचं वेळू गाव पहिलं आलं. 2017 मध्ये स्पर्धा 30 तालुक्यांत गेली आणि धारूर तालुक्यातलं जायभायवाडी दुसऱ्या क्रमांकात वाटेकरी झालं. 2018 पर्यंत तालुके 75 झाले होते. त्या वर्षी 8 एप्रिल लागताच, रात्री बारा वाजताच कित्येक गावांनी पहिली कुदळ मारली. 1 मेला, महाराष्ट्र दिनी, शहरांतली मंडळीही महाश्रमदानाला गावोगावी पोचली.

मग त्याच वर्षी पावसाने दगा दिला. ऑक्टोबरअखेर राज्य सरकारने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. 2019 च्या उन्हाळ्यात बीडमध्ये शेकडो चारा छावण्या उभ्या होत्या. चर कितीही खोदा, न पडलेला पाऊस त्यात साठत नाही. शिवाय साठलेलं पाणी बोअर मारून उसाला दिलं, तर शेजारची विहीर पुन्हा कोरडीच. 2019 नंतर वॉटर कप थांबला आणि पाणी फाउंडेशनने पुढच्या वर्षी ‘समृद्ध गाव’ स्पर्धा सुरू केली. तिचा भर खोदण्यासोबतच पाणी जपून वापरण्यावरही होता, तो यामुळेच.

म्हणून ‘तक्रार करू नका, कामाला लागा’ असा सोपा धडा यातून काढणं मला पटत नाही. तो धडा सत्तेवरच्या माणसांना फार सोयीचा असतो. ऊसतोड कामगाराची मजुरी, भूमिहीनाचा पाण्यातला वाटा, अडलेला कालवा हे प्रश्न फावड्याने सुटत नाहीत. त्यासाठी तक्रार करायलाच हवी, आणि मोठ्या आवाजात.

पण ज्या गावाने आपल्या शिवारात किती पाऊस पडतो, किती मुरतो आणि किती वाहून जातो याचा ताळेबंद एकदा मांडलाय, त्या गावाची तक्रार वेगळी असते. ‘आमच्या हातात होतं तेवढं आम्ही केलं, हे त्याचं माप. आता उरलेलं तुमच्याकडे,’ असं ते गाव म्हणू शकतं. असा कागद टेबलावर आला, की साहेबाला ‘बघू’ म्हणून तो बाजूला सारणं जड जातं.