कुंकू, गोंदण आणि मनगट

आजचा विषय वरवर साधा आहे. माणूस स्वतःच्या शरीराकडे कसा पाहतो, आणि त्यात बाई व पुरुष असा फरक का पडतो? असोद्यात हा प्रश्न विचारायचा तर फार लांब जायला नको. १८८० साली याच गावात बहिणाबाई जन्मल्या. त्यांच्याकडे येऊच, पण आधी थोडं तत्त्वज्ञान.

शरीर आपल्याला दोन तऱ्हांनी कळतं. एक आतून. जातं ओढताना, मोट हाकताना हात ही पाहायची वस्तू नसते, तो हात म्हणजे मीच असतो. मेर्लो-पाँती या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४५ च्या ग्रंथात हे विस्तारानं मांडलं. दुसरी तऱ्हा बाहेरून. कोणी माझ्याकडे पाहतं आणि मग त्याच्या डोळ्यांनी मीही मला पाहू लागतो. ही दुसरी तऱ्हा मुलगी वयात येते तशी तिच्या अंगवळणी पाडली जाते, असं सीमॉन द बोव्हार यांनी १९४९ मध्ये ‘द सेकंड सेक्स’मध्ये दाखवलं.

आता हे आपल्याकडे कसं घडलं ते पाहा. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी. लग्न झालेल्या बाईचं अंग नखशिखांत एक गोष्ट सांगत असतं, की हिचा नवरा जिवंत आहे. पुरुषाच्या अंगावरही खुणा होत्या. शेंडी, जानवं, गंध, पगडी. त्यावरून जात कळे, पंथ कळे. पण त्याची बायको आहे की गेली, हे सांगणारी एकही खूण त्याच्या अंगावर नव्हती. म्हणून बायको वारली तर त्याच्या देहावरून काही उतरवावं लागत नसे. बाईचं मात्र कपाळ तेच, हात तेच, आणि एका रात्रीत ते अशुभ ठरत. देह बदलला नव्हता, त्याच्याकडे पाहणारी नजर बदलली होती. आणि ती नजर लहानपणापासून तिच्याही डोळ्यांत उतरलेली होती. खरी अडचण ती.

हा प्रश्न इथून जवळच, बुलढाण्याला, ताराबाई शिंद्यांनी उघडपणे विचारला. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून समस्त बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक झाली. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून उत्तर दिलं. मुद्दा रोखठोक होता. जोडीदार मेल्याचं दुःख दोघांना सारखंच, मग नियम एकालाच का?

बहिणाबाई त्याच काळातल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. तेराव्या वर्षी लग्न, ऐन तिशीत वैधव्य, पदरात तीन मुलं. त्यांची गाणी १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपानं आली. त्यातलं वैधव्यावरचं गाणं तुम्हा सर्वांना पाठ असेल. त्यात त्या आपल्या देहाचा हिशेब मांडतात. काय गेलं, काय उरलं. कुंकू गेलं, पण गोंदण राहिलं. बांगड्या फुटल्या, पण मनगटातली करामत शाबूत आहे.

हा केवळ धीर नाही, असं मला वाटतं. इथं नजर फिरली आहे. जे दुसऱ्यांनी चढवलं ते दुसऱ्यांनी उतरवलं. मनगट कोणी दिलेलं नव्हतं, त्यामुळे ते काढून घेता येईना. पाहिल्या जाणाऱ्या देहाकडून करणाऱ्या देहाकडे त्या आल्या. मेर्लो-पाँतींचा ग्रंथ यायच्या कितीतरी आधी, आणि तेही शेतात राबत असताना.

इथं एक आक्षेप घ्यायला हवा. कष्टाचा गौरव आपल्याला फार आवडतो. पण शेतकऱ्याच्या विधवेला राबण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता. तिच्या मनगटाचं कौतुक करायचं आणि तिच्या कपाळाकडे बघून तोंड फिरवायचं, असं दोन्ही एकाच गावानं केलेलं आहे. मनगटाच्या बळानं बाई तगली, पण तिला शुभकार्यात पाट मिळाला नाही.

तो पाट आजही सगळीकडे मिळत नाही. म्हणून तर मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला. सरकारनं त्याच महिन्यात परिपत्रक काढून तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. ताराबाईंच्या पुस्तकाला तेव्हा १४० वर्षं झाली होती.

पुरुषांचं काय? आता जिमच्या आरशासमोर आपले दंड न्याहाळणारी मुलं दिसतात. तेही स्वतःला दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहू लागलेत, आणि त्यांचीही दमछाक होते. पण एक फरक राहतोच. दंड बारीक म्हणून कोणाला भावाच्या हळदीतून उठवत नाहीत.

ठराव कागदावर होतो, नजर घरात बदलावी लागते. पुढच्या लग्नसराईत तुमच्या घरी नवरीला पहिली हळद कोण लावणार, एवढं ठरवून बघा. त्या घरातली विधवा आई पुढे आली, तर कोणाच्या कपाळाला आठी पडते तेही बघा. मात्र बघताना आधी आपल्याच कपाळावरून हात फिरवा.