फायर प्लाय लावला म्हणजे ऑफिस आगीपासून सुरक्षित झालं का?

ऑफिस, क्लिनिक किंवा रेस्टॉरंटचं इंटिरिअर काढलं की कोटेशनमध्ये एक ओळ हमखास दिसते: ‘फायर रेटेड प्लाय’. दर नेहमीच्या प्लायपेक्षा चढा असतो आणि तो मान्य केला की आगीचा विषय मिटला, असं अनेकांना वाटतं. खरं तर या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

पहिली गोष्ट म्हणजे उशिरा पेटणारा प्लाय, म्हणजेच फायर रिटार्डंट. त्यासाठी भारतीय मानक आहे आयएस ५५०९. या मानकाच्या चाचणीत प्लायच्या तुकड्याने ३० मिनिटांच्या आत पेट घेता कामा नये. तो किती वेगाने जळतो आणि ज्योत आरपार जायला किती वेळ लागतो, हेही तपासतात. पण ही परीक्षा फक्त त्या तुकड्याची असते.

दुसरी गोष्ट म्हणजे आग अडवून धरणारा दरवाजा किंवा पार्टिशन. इथे ३०, ६० किंवा १२० मिनिटांचं रेटिंग मिळतं ते चौकट, बिजागऱ्या, कुलूप आणि फटीतली, उष्णता लागली की फुगणारी पट्टी अशा सगळ्या जोडणीला मिळून. अख्खा दरवाजा भट्टीवर बसवून चाचणी होते. म्हणून ‘प्लाय ३० मिनिटांचा आहे, त्याचाच दरवाजा करून देतो’ असं कुणी म्हणालं, तर तो फायर डोअर नव्हे. जिन्याचा दरवाजा असा साइटवर बनवून घेऊ नका. चाचणीचा दाखला असलेला तयार सेटच घ्या. त्याला डोअर क्लोजरही हवा. पाचर लावून उघडा ठेवलेला फायर डोअर काहीच अडवत नाही.

हा फरक महत्त्वाचा, कारण आगीत माणसं बहुतेकदा धुराने जातात. मुंबईत कमला मिल परिसरात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १४ जण दगावले, त्यातले अनेक गुदमरून. बाहेर पडायची वाट धुरापासून मोकळी राहिली तरच लोक सुटतात.

राष्ट्रीय इमारत संहितेत म्हणूनच भिंतीच्या आवरणांचे चार वर्ग केले आहेत. ज्यावर ज्वाला सगळ्यात कमी पसरते तो वर्ग १, आणि कॉरिडॉर व जिन्यासाठी तोच मागावा. बजेट कमी असेल तर केबिनमधली सजावट कमी करा, पण या वाटेवर काटकसर नको.

खरेदी करताना काय बघायचं?

शीटवर आयएसआय चिन्हासोबत ५५०९ हा आकडा हवा. ३०३ हा साध्या प्लायचा आणि ७१० हा मरीन प्लायचा क्रमांक. मरीन प्लाय पाण्याला टिकतो, आगीशी त्याचा संबंध नाही. दुकानात ही गल्लत सर्रास होते. चिन्हाजवळचा सीएम/एल नंबर ‘बीआयएस केअर’ अॅपवर टाकला की परवाना कुणाचा आणि चालू आहे का, ते कळतं.

रसायन प्लायच्या आत मुरवलंय की वरून फासलंय, हेही विचारा. नुसता लेप असेल तर सुताराने करवत चालवली की कापलेली कड उघडी पडते. मुरवलेली बोरॅक्ससारखी क्षारयुक्त रसायनं पाण्यात विरघळतात. पँट्रीच्या सिंकखाली किंवा गळणाऱ्या भिंतीला लावलेला फायर प्लाय काही वर्षांत साध्या प्लायसारखाच होऊ शकतो.

आणि वर काय चिकटवताय? महागडा फायर प्लाय, त्यावर साधा लॅमिनेट, पॉलिश आणि आवाज शोषणारा फोम, असं चित्र बऱ्याच ठिकाणी दिसतं. आधी पेटतो तो फोम. त्यामुळे दाखला मागायचा तो आवरणाच्या प्रत्येक थराचा, फक्त प्लायचा नाही.

ही सगळी बिलं आणि चाचणी दाखले फायलीत जपून ठेवा. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते आग विझवण्याच्या यंत्रणा चालू असल्याबद्दल असतं. पॅनेलिंगच्या मागे काय दडलंय, ते त्यातून कळत नाही.